कमी आकड्याचं कौतुक

सोलापुरात शुगरच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी नंबर लावून बसलं, की बाकावरच्या गप्पा ठरलेल्या असतात. "माझी दोनशे ऐंशी आली," असं कुणी म्हटलं की शेजारचे चुकचुकतात. भात सोडा, मेथ्या भिजत घाला, सकाळी सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारा, असे सल्ले सुरू होतात. आणि कुणी "माझी उपाशीपोटी बहात्तर" म्हटलं, तर अख्खा बाक त्या माणसाकडे बोर्डात आलेल्या पोराकडे बघावं तसा बघतो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, संध्याकाळी इन्सुलिन टोचून घेणारे, आणि सगळे म्हणतायत, व्वा!

मला त्या वेळी एकच विचारावंसं वाटतं. सकाळी सहाला बहात्तर होती, तर रात्री अडीचला किती होती?

हे तपासायची पद्धत आपल्या घरांत नाही. वाढलेल्या शुगरचा धाक मात्र सगळ्यांना आहे, आणि तो बरोबरच आहे. डोळे, किडनी, पायाच्या नसा, यांचं नुकसान वर्षानुवर्षं चालू असतं. पण उतरलेली शुगर वर्षांची वाट बघत नाही, तिला एक रात्र पुरते. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. ही ऊर्जा तो रक्तातल्या साखरेतून घेतो आणि स्वतःजवळ फारशी शिल्लक ठेवत नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शुगर 'लो' झाली असं धरतात. ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम बिघडायला लागतं. त्याहून खाली बडबड, चिडचिड, झटके, बेशुद्धी. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. आणि हे सगळं झोपेत घडलं, तर घरातल्यांना कळणार कधी?

माझे सासरे, मामा, जुने गिरणी कामगार. मिल बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले आणि गुडघ्यांनी नाही म्हणेपर्यंत तिथेच राहिले. वीसेक वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. आधी गोळ्या, मग गोळ्या आणि इन्सुलिन, मग दोन्ही वेळचं इन्सुलिन. माणूस कमालीचा शिस्तीचा. गोड सोडलं ते सोडलंच, सणालासुद्धा शेंगापोळीचा तुकडा तोंडात घातला नाही. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, साडेसहाच्या आसपास. त्या कागदाचा त्यांना मोठा अभिमान होता, आणि आम्हालाही.

गड्ड्याच्या दिवसांतली गोष्ट. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात आणि होम मैदानावर गड्डा लागतो. मामा नातवंडांना घेऊन चालत गेले, चालतच आले. येताना धाकट्याला काही वेळ कडेवर घेतलं होतं. संध्याकाळचं इन्सुलिन रोजच्याइतकंच घेतलं. जेवताना दमल्यामुळे अर्ध्या भाकरीवर हात धुतले. यात कुणाला काही खटकावं असं काहीच नव्हतं. म्हातारा माणूस थकून कमी जेवला, एवढंच.

रात्री अडीचच्या सुमारास अत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दार वाजवलं. "अगं, उठ की. ह्यांचं काय तर व्हायलंय."

मामा पलंगाच्या कडेला बसले होते. अंगावरची चादर घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची, असं चाललं होतं. घडीसुद्धा गिरणीतल्यासारखी, काठाला काठ लावून. जानेवारीची थंडी आणि त्यांची बंडी पाठीला चिकटलेली, मानेवरून घामाचे ओघळ. मी समोर गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या खात्यातल्या? पाळी सुटायची हाय अजून, आत कशा आलाव?"

लग्न होऊन आल्यापासून या माणसाने मला कधी एकेरी नावाशिवाय हाक मारलेली नाही. त्या 'तुम्ही'ने माझ्या पोटात गोळा आला.

नवऱ्याने बोट टोचलं. मीटरवर ४१. मी पेल्यात ग्लुकोज पावडर कालवली, तीन लहान चमचे भरून. पेला ओठांशी नेला तर त्यांनी तो हाताने उडवला. शुगर उतरलेला माणूस असा अंगावर येऊ शकतो, हे अनेकांना माहीत नसतं. तो राग त्या माणसाचा नसतो, उपाशी मेंदूचा असतो. घरातले मात्र "किती हट्टीपणा करतात" म्हणून बाजूला होतात आणि मोलाची मिनिटं जातात. अत्यांनी दुसरा पेला घेतला, त्यांच्या शेजारी बसल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "चहा आलाय पाळीचा. प्या बघू." प्यायले. घोट गिळताहेत की नाही ते मी त्यांच्या गळ्याकडे बघत तपासत होते.

पंधरा मिनिटांनी ५८. परत तीन चमचे. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांनी ९६. मग भाकरी-दूध कुस्करून दिलं. खाता खाता त्यांनी विचारलं, "एवढ्या रात्री सगळे का जागे?" सकाळी त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं. डोकं दुखतंय, एवढंच म्हणाले.

त्या रात्रीनंतर मी या विषयाचं जे मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं. सगळ्यात आधी कळलं ते हे, की रात्रच का. शुगर उतरायला लागली की निरोगी शरीर आधी स्वतःचं इन्सुलिन थांबवतं. मग ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक यकृताला साखर सोडायला लावतं. त्यानेही भागलं नाही तर ॲड्रेनलिन धावतं, छाती धडधडते, हात थरथरतात, भूक लागते. सुईने घेतलेलं इन्सुलिन शरीराला थांबवता येत नाही, म्हणजे पहिला बंदोबस्त गेला. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत ग्लुकागॉनचा प्रतिसादही क्षीण होत जातो. उरलं ॲड्रेनलिन, आणि नेमकं झोपेत तेच मंदावतं. धडधड होऊन जाग यावी, ती येतच नाही.

त्यात मामांना ब्लड प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर गोळी आहे. हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर या गोळीने दबते, म्हणजे शुगर उतरल्याच्या दोन मोठ्या खुणा पुसल्या जातात. घाम मात्र दबत नाही. अत्या वाचता येण्यापुरत्या शिकलेल्या, पण त्यांनी हे आपणहून हेरलं होतं. झोपेत कूस बदलताना त्यांचा हात मामांच्या मानेमागे जातो, बंडीची कड चाचपतो. कोरडी असली की परत डोळा लागतो. त्या रात्रीही मीटरच्या आधी त्यांच्या हातालाच कळलं होतं.

संध्याकाळचं इन्सुलिन कोणतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. आपल्याकडे कित्येकांना '३०-७०'ची बाटली असते. त्यात तीस भाग लवकर काम करणारं आणि सत्तर भाग सावकाश काम करणारं इन्सुलिन असतं. हे सावकाशीचं इन्सुलिन घेतल्यापासून साधारण चार ते दहा तासांत सगळ्यात जोरात असतं. रात्री आठला घेतलं तर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, म्हणजे जेवण पचून गेलेलं आणि माणूस गाढ झोपेत असतो तेव्हा. मध्यरात्र ते तीन या वेळात शरीराला इन्सुलिनची गरजही सगळ्यात कमी असते. पहाटे चारनंतर इतर संप्रेरकं वाढतात आणि शुगर आपोआप चढू लागते. म्हणून अडीचला पन्नास असलेला माणूस सहाला शंभरच्या घरात दिसू शकतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सकाळी डोकं जड, कपडे ओलसर, रात्रभर भलतीसलती स्वप्नं, झोप होऊनही न झाल्यासारखं वाटणं, एवढ्याच खुणा मागे राहतात.

उलटही घडतं. सकाळची शुगर वाढलेली दिसली की लगेच "रात्रीचा डोस वाढवा" असं घरातलेच म्हणतात. रात्री शुगर फार उतरली की शरीर उसळी मारून सकाळी चढवतं, असं मायकेल सोमोगी यांनी १९३० च्या दशकात मांडलं होतं. पुढे अखंड शुगर मोजणारी यंत्रं आल्यावर दिसलं, की सकाळी चढलेल्या शुगरचं कारण बहुतेक वेळा ते नसतं. कारण कोणतंही असो, रात्री दोन-तीनला एकदा बोट टोचून पाहिल्याशिवाय रात्रीचा डोस वाढवणं म्हणजे अंधारात हात घालणं. तिथे काय आहे ते आधी बघायला हवं.

आता आमच्या गावाचं. पुस्तकांत व्यायामाबद्दल लिहिलेलं असतं, की श्रम केल्यावर स्नायू पुढे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात, संध्याकाळच्या श्रमाचा परिणाम मध्यरात्रीनंतर दिसू शकतो. हे वाचून मामा म्हणाले, मी कुठे व्यायाम करतो? पण सोलापुरात पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि येईल ती वेळ आपली. उजनी भरलेली असो की रिकामी, नळाला पाणी सुटलं की घरातलं प्रत्येक माणूस धावतं. बॅरल, पिंप, घागरी, हंडे, वरच्या टाकीची मोटर, मोटर नाही चढली तर बादल्यांनी जिना. मामा यात मागे राहणारे नव्हेतच. रात्री नऊला पाणी आलं की अकरापर्यंत तेही वाकून बादल्या भरणार. त्याला व्यायाम कुणी म्हणत नाही, पण स्नायूंना काय फरक पडतो? डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दंडावर शुगर अखंड मोजणारा सेन्सर बसवला, तेव्हा त्या आलेखात ज्या रात्री रेघ खाली घसरली होती त्या तारखा मी कॅलेंडरशी लावून बघितल्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आम्ही पाण्याच्या दिवसांना गोल करतो. बहुतेक घसरणी गोलातल्या तारखांच्याच रात्री होत्या. हे कुठल्याही डॉक्टरांना त्यांच्या खुर्चीत बसून कळणार नाही, आपणच सांगायला हवं. "श्रम करता का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर देऊन आपण मोकळे होतो. पाणी भरता का, असं विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

संकष्टीचंही तसंच. संध्याकाळचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, असं एकदा डोक्यात बसलेलं. साडेसातला घड्याळ बघून सुई घेतली आणि चंद्रोदय नऊनंतर. ढग आले तर आणखी उशीर. दिवसभर साबुदाण्याच्या दोन घासांवर असलेला माणूस, पोटात अन्न नाही आणि रक्तात इन्सुलिन. डॉक्टरांनी मामांचे उपवास सोडायला लावले, तेव्हा ते फार दुखावले होते. आयुष्यभर पाळलेली संकष्टी. मग अत्यांनी सांगितलं, तुमची पण मी धरते. तेवढ्यावर मिटलं. रोजे धरणाऱ्या घरांतही हाच प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर रमजानच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन डोसाचं वेळापत्रक बदलून घेणं, हेच आहे.

उन्हाळ्याबद्दलही बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. रात्री जेवण जात नाही, ताक-भाकरीवर निभावतं, इन्सुलिनचे युनिट मात्र तेच. अंग तापलेलं असताना टोचलेलं इन्सुलिन रक्तात लवकर उतरतं. आणि अशा उन्हात बाटली बाहेर राहिली तर ती हळूहळू कमजोर होते. शुगर चढते, डोस वाढतो. मग नवी, ताकदीची बाटली फोडली जाते आणि वाढलेला डोस तसाच राहतो. पहिल्याच रात्री शुगर धाडकन खाली येऊ शकते. फ्रिज नसेल, वीज जात असेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली बऱ्यापैकी थंड राहते. नवी बाटली उघडली की दोन-तीन रात्री मध्ये उठून तपासायचं, हे आम्ही ठरवून टाकलंय.

सुईबद्दल एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या साधारणपणे एका मिलिलिटरला चाळीस युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजमध्ये मात्र मिलिलिटरला शंभर युनिट असतात. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने वीस युनिटच्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर अंगात पन्नास युनिट जातात. अडीच पट. ही चूक रात्रीच्या जेवणाआधी झाली तर मध्यरात्री काय होईल ते वेगळं सांगायला नको. औषधाच्या दुकानात सिरिंज मागताना बाटली सोबत न्या आणि दोन्हींवरचा आकडा जुळतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुकानातला पोरगा घाईत असतो. तसंच रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ झाली असेल, तर तिथलं इन्सुलिन कधी लागतं, कधी तासन्‌तास अडकून राहतं. जागा बदलत राहायच्या.

शुगर उतरली की काय द्यायचं, यावर आपल्याकडे भलताच गोंधळ आहे. पेढा देतात, चॉकलेट देतात, दूध देतात, बिस्किटं देतात. यातल्या तूप-दुधाच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हातात नसतो. साधी ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा तीन चमचे साखर पाण्यात. साधारण पंधरा ग्रॅम. मग पंधरा मिनिटं थांबून परत तपासायचं, सत्तरच्या खालीच असेल तर परत तेवढंच द्यायचं. घाबरून सहा चमचे एकदम द्यायचे नाहीत. शुगर वर आल्यावर मग भाकरी, दूध, दही, पोटात टिकणारं काहीतरी. मीटर सापडत नसेल तर मीटर शोधत बसू नका, आधी साखर द्या. एकदा साखर उगाच दिली गेली तर काही बिघडत नाही.

साखर की ग्लुकोज, हा फरक काही लोकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. व्होग्लिबोज किंवा अकारबोज ही औषधं घेणाऱ्यांच्या आतड्यात साध्या साखरेची फोड व्हायलाच उशीर होतो, त्यांना ग्लुकोजच लागतं. आणि व्होग्लिबोज आपल्याकडे बऱ्याचदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे आपण ते घेतोय हे पेशंटला माहीतच नसतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनीही शुगर उतरते, इन्सुलिन नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. उलट या गोळ्यांनी उतरलेली शुगर वर आणली तरी काही तासांनी परत उतरू शकते, म्हाताऱ्या माणसांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत तर दिवसभर असं चालू शकतं. "आता बरं वाटतंय" म्हणून त्यांना घरी झोपवायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

माणूस शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही. ते फुप्फुसात जाऊ शकतं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. झटके आले म्हणून नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात वेळ घालवायचा नाही. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात असेल आणि कसं द्यायचं ते शिकवलेलं असेल तर ते द्यायचं. ते आपल्याकडे सगळ्या दुकानांत मिळत नाही, म्हणून ज्यांना वारंवार हा त्रास होतो त्यांनी डॉक्टरांशी बोलून आधीच सोय करावी.

आता त्या अभिमानाच्या कागदाकडे येते. तीन महिन्यांची शुगर ही सरासरी असते. दिवसा अडीचशे आणि रात्री पन्नास असलेल्या माणसाची सरासरीही झकास येऊ शकते. साडेसहा हा आकडा चाळिशीतल्या, नुकताच मधुमेह झालेल्या माणसासाठी उत्तम असेल. वीस वर्षं मधुमेह, इन्सुलिन, वय सत्तरच्या पुढे, हृदयाचं औषध चालू, अशा माणसासाठी आठच्या आतबाहेर राहिलेला आकडा अनेकदा जास्त सुरक्षित असतो. हे काही नवीन ज्ञान नाही. अमेरिकेतला डीसीसीटी हा मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शुगर काटेकोर ठेवली तर डोळे-किडनी वाचतात हे त्याने सिद्ध केलं, आणि त्याच अभ्यासात काटेकोर गटात शुगर धोकादायक उतरण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. तसले निम्म्याहून जास्त प्रसंग झोपेत घडले होते. २००८ मध्ये ॲकॉर्ड या अभ्यासातला काटेकोर गट मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांची तीन महिन्यांची शुगर सहाच्या खाली न्यायचा तो प्रयत्न होता, आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले. कारण शुगर उतरणं हेच होतं असं सिद्ध झालेलं नाही. पण सगळ्यांना एकाच आकड्याकडे ओढत न्यायचं नाही, हे त्यानंतर डॉक्टरांच्या पुस्तकांत ठळकपणे आलं. आमच्या बाकापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते आणखी वेगळं. किडनी थकत जाते तसं इन्सुलिन शरीराबाहेर जायला वेळ लागतो, तेवढाच डोस जास्त पुरतो, आणि शुगर आपोआप कमी येऊ लागते. घरात आनंद होतो, पथ्याला यश आलं म्हणून. आणि खरं तर आतून किडनी निरोप देत असते. काही न बदलता आकडे खाली यायला लागले, तर अभिनंदन करायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, तपासून घ्या, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

मामांचं संध्याकाळचं मिश्र इन्सुलिन डॉक्टरांनी बदललं, दिवसभर एकसारखं काम करणारं दिलं, डोसही उतरवला. झोपताना १२० च्या खाली असेल तर अर्धी भाकरी आणि दही खाऊनच झोपायचं, असा मामांपुरता आकडा ठरवून दिला. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा. पाण्याच्या रात्री त्यांनी बादली उचलायची नाही हे पोरांनी ठरवलं, आणि ते कसंबसं पाळलं जातं. पुढच्या वेळी कागदावर सात पूर्णांक नऊ आले. मामांचा चेहरा पडला. "वाढली की हो," असं अत्याही म्हणाल्या. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "रात्री कितीदा उठावं लागलं?" अत्या म्हणाल्या, एकदाही नाही. "मग मला हाच रिपोर्ट हवा होता," डॉक्टर म्हणाले.

वारंवार शुगर उतरत राहिली की शरीराची धोक्याची घंटा वाजेनाशी होते, मेंदूला त्या कमी साखरेची सवय लागते. काही आठवडे शुगर अजिबात उतरू दिली नाही, तर ती घंटा बऱ्याच अंशी परत येते. हे मी वाचलं होतं, पण घरात घडलेलं पाहणं वेगळं. पावसाळ्यात एका रात्री मामा स्वतःच उठले, दिवा लावला आणि अत्यांना म्हणाले, "अंग भिजलंय बघ, मशीन दे." मीटरवर ६६. आपल्या हाताने ग्लुकोज कालवून प्यायले. सकाळी त्यांना सगळं आठवत होतं.

सेन्सर मात्र आम्ही कायमचा लावू शकलो नाही. एक चौदा दिवस चालतो, म्हणजे महिन्याला दोन. यंत्रमागावरच्या किंवा विड्या वळणाऱ्या घरात तो खर्च बसणं अशक्य आहे, आमच्यातही बसत नाही. ज्यांना परवडतो त्यांनी हे लक्षात ठेवावं, की तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, आणि त्या दंडावर झोपलं तर प्रत्यक्षात न झालेली घसरणही दाखवतो. बोट टोचून खात्री करावी. सरकारी दवाखान्यांतून निदान इन्सुलिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वर्षातून एकदा पंधरा दिवसांसाठी तो लावून मिळाला, तर किती घरांतल्या रात्री उघड होतील.

आणि ज्यांच्या शेजारी अत्या झोपत नाहीत, त्यांचं काय? आमच्या मागच्या गल्लीत एक काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्यात, सोलापुरातल्या निम्म्या मुलांसारखा. काकूंना ती तिन्ही औषधांची एकत्र गोळी आहे, आणि क्रिएटिनिनही थोडं वाढलेलं. त्यांच्या उशाशी आम्ही ग्लुकोजचा डबा, चमचा आणि झाकण सैल केलेली पाण्याची बाटली ठेवायला लावली, कारण थरथरत्या हाताला घट्ट झाकण उघडत नाही. गोळीचं नाव आणि 'शुगर उतरू शकते' एवढं लिहून कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. एक किल्ली आमच्याकडे असते. सकाळी सातला त्या फोन करतात, सव्वासातपर्यंत आला नाही तर मी जाते. मुलगा चांगला आहे, रोज रात्री फोन करून विचारतो, "आई, शुगर किती? गोड खाल्लं नाहीस ना?" दिवाळीला येईल तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आईची गोळी बदलता येईल का, ते स्वतः डॉक्टरांसमोर बसून विचार. आणि रिपोर्टमध्ये साडेसात-पावणेआठ दिसले, तर तिला रागवू नकोस.